गावात भाड्याने खोली मिळेल काय?

प्रश्न : आमच्या गावाला नगरपंचायत होऊन काही वर्षे झाली. येथून शिकून गेलेली मुले पुण्यात आणि बंगळुरूत चित्रांची, संगणकाची कामे करतात, काहींनी स्वतःचे उद्योगही काढले आहेत. गावाकडे मात्र ती दिवाळीपुरतीच फिरकतात. त्यांना व बाहेरच्या होतकरू लोकांना गावाची ओढ वाटावी म्हणून वेशीवर मोठी कमान आणि तलावाभोवती रोषणाई व कारंजे, असा प्रस्ताव सभेपुढे आहे. त्याचा उपयोग होईल काय?
— एक नगरसेवक, वर्धा जिल्हा

उत्तर : कमान जरूर उभारावी, वरातीचे छायाचित्र काढायला ती उपयोगी पडेल. परंतु त्या कमानीखालून एखादी पंचविशीतली मुलगी किंवा तिशीतला मुलगा एक बॅग आणि एक संगणक घेऊन आत आला, तर पहिल्या रात्री तो कोठे झोपेल आणि पहिल्या महिन्यात कोठे बसून काम करील, याचे उत्तर आपल्या प्रस्तावात नाही. आणि माझ्या मते सारा प्रश्न तेवढाच आहे.

अमेरिकेतील नगर-अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२ मध्ये अशी मांडणी केली की, कल्पक माणसे ज्या शहरांकडे ओढली जातात तेथे तीन गोष्टी एकत्र नांदतात : हुशार माणसांचा वावर, तंत्रज्ञान आणि वेगळ्या वळणाच्या माणसाला सामावून घेणारी सहिष्णुता. अनेक नगरपालिकांनी यातून कॉफीची दुकाने, सायकलचे मार्ग आणि रंगवलेल्या भिंती तेवढ्या उचलल्या, कारण सहिष्णुतेची निविदा काढता येत नाही. पुढे २०१७ मध्ये फ्लोरिडा यांनीच लिहिले की, अशा यशस्वी शहरांत घरभाडी भडकतात आणि साधा कामगार बाहेर ढकलला जातो. आपल्या गावाला ती धास्ती तूर्त बाळगायला नको.

सहिष्णुतेचा धडा घ्यायला आपल्या जिल्ह्याला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारणही नाही. वर्धा हे कापसाच्या व्यापाराचे गाव. तेथे जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३४ मध्ये, त्यांनी दिलेल्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि तंजावरकडे जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले जे. सी. कुमारप्पा तेलघाणी, हातकागद आणि मधमाशा यांचा संसार मांडून तेथे बसले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. १९३७ च्या वर्ध्यातील शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचे, म्हणजे हातकामातून शिकवण्याच्या पद्धतीचे, काम उभे राहिले, त्यासाठी मूळचे सिलोनचे आर्यनायकम् आणि बंगाली आशादेवी येथे स्थिरावल्या. गांधीजींचे नाव हे मोठे आकर्षण होते, यात वाद नाही. पण वर्ध्याचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या काळच्या शेगावात साप व हिवताप हेच काय ते मुबलक होते. एवढी माणसे देखाव्यासाठी आली नाहीत. येथे रेल्वेचे मोठे जंक्शन होते, उतरल्यावर जागा देणारा माणूस होता, आणि जेवायला बसताना जात विचारली जाणार नाही अशी पंगत होती.

गांधीजींची गोष्ट अपवादात्मक म्हणून कोणी बाजूला सारील, तर गडचिरोली जिल्ह्यातील वडशाकडे पाहावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी चालते. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात आणि होळीपर्यंत हा हंगाम सुरू राहतो. त्याची बाजारपेठ ना नागपुरात आहे, ना चंद्रपुरात. ती देसाईगंज-वडसा या तालुक्याच्या गावात आहे, कारण गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचे हे स्थानक या मुलखाच्या मधोमध पडते. हंगामाच्या तोंडावर तेथे गेल्यास रस्त्यालगत नाटक कंपन्यांच्या पाट्या दिसतात. आत भिंतीवर रंगीत पोस्टरे, टेबलावर तारखांची वही, आणि समोर आपापल्या गावच्या मंडळाचे दोन-तीन कारभारी इसार देण्याआधी शेवटची घासाघीस करीत बसलेले. एका कंपनीला लेखक लागतो, नट-नट्या लागतात, ऑर्गन आणि तबला वाजवणारे, पडदे रंगवणारे, दिवे व आवाज सांभाळणारे लागतात. एकाची तारीख हुकली तर शेजारच्या कंपनीतून दुसरा मिळतो. मुंबई-पुण्याचे कलावंतही हंगामासाठी येतात आणि चार-सहा महिने भाड्याने राहतात. नटाला खोली देण्याची या गावाला सवय झाली आहे, ही मला कमानीपेक्षा फार मोठी नागरी सोय वाटते. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेक शहरी वाचकांना या व्यवसायाचा पत्ता लागला. वडशाला तो कधीचाच ठाऊक होता.

आता आपल्या सभेसाठी सूचना. जेन जेकब्ज यांनी न्यूयॉर्कच्या मोहल्ल्यांवरून १९६१ मध्ये दाखवून दिले होते की, ज्याचा धंदा अजून ठरलेलाच नाही त्याला नव्या इमारतीचे भाडे परवडत नाही. त्याला जुनी, स्वस्त, थोडी मोडकी जागाच हवी असते. विदर्भात अशी जागा कोणती, हे मी सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात मी एका बंद पडलेल्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, गेलो होतो. उंच टिनाचे छप्पर, फरशीवर तेलाचे काळे डाग, कोपऱ्यात अजून सरकीचा वास. एका खणात वेल्डिंगवाला सायकलच्या चाकावरचे डवरे (तण काढण्याचे अवजार) बनवीत होता आणि पलीकडच्या खणात एक मुलगी जाड कापडाच्या पिशव्या शिवीत होती. तिला पट्ट्यासाठी लोखंडी कड्या हव्या होत्या; तिने वहीच्या कागदावर आकार काढून दिला आणि माझा चहा संपेपर्यंत वेल्डिंगवाल्याने दोन नमुने तिच्या मशीनवर आणून ठेवले. नागपूरहून मागवल्या असत्या तर चार दिवस गेले असते, आणि दोनच कड्यांसाठी कोणी दारातही उभे केले नसते.

तेव्हा कारंज्याच्या खर्चातून अशा एखाद्या जिनाचे किंवा ओस पडलेल्या शाळेचे छप्पर दुरुस्त करावे, थ्री-फेज वीज घ्यावी, स्त्रियांसाठी वेगळे व कडी लागणारे स्वच्छतागृह बांधावे, भरवशाचे इंटरनेट आणावे आणि खण पाडून किमान तीन वर्षांच्या कराराने द्यावेत. उद्घाटनाला पाहुणे बोलवायचे असल्यास बोलवावेत, पण खणांचे वाटप त्यांच्या चिठ्ठीवर होऊ देऊ नये.

प्रश्न : मी नागपूरला कलेचे शिक्षण घेतले असून भंडारा जिल्ह्यातील विणकरांबरोबर कोशाच्या (टसर रेशमाच्या) कापडावर नवे काम करण्याची माझी इच्छा आहे. तालुक्याच्या गावी सात घरे पाहिली. प्रत्येक ठिकाणी आधी आडनाव विचारले गेले, मग ‘एकट्याच राहणार का?’ असे, आणि नंतर खोली नातेवाइकांना लागणार असल्याचे कळवण्यात आले. मी नागपुरातच राहून काम करावे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वर प्रश्न विचारणाऱ्या नगरसेवकांनी आपले पत्र वाचावे, अशी माझी इच्छा आहे, मुले परत का येत नाहीत, ते त्यात सात वेळा लिहिलेले आहे.

आपल्या कामासाठी मागाजवळ असणे मला आवश्यक वाटते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढलेल्या कोशाचा हाताने काढलेला धागा एकसारखा जाड नसतो. त्याचा खरखरीतपणा कोठे ठेवायचा आणि कोठे लपवायचा, हे विणकराशेजारी बसूनच ठरते. फोनवर नमुने पाठवून ते साधणार नाही. म्हणून कामाची जागा आणि राहण्याची जागा आधी वेगळी करावी. मागाची जागा विणकरांच्या सोसायटीकडे मागावी. तेथे आपल्याकडे पाहुणी म्हणून नव्हे, तर गिऱ्हाईक आणणारी म्हणून पाहिले जाईल आणि आडनावाची चौकशी लवकर थांबेल. राहण्यासाठी दलालाकडे न जाता त्या गावात बदलीवर आलेल्या शिक्षिका, परिचारिका किंवा बँकेतील स्त्रिया यांना विचारावे. एकट्या स्त्रीला सन्मानाने राहू देणारी दोन-तीन घरे प्रत्येक गावात असतात आणि ती त्यांनाच ठाऊक असतात. घर मिळाल्यावर तोंडी बोलण्यावर राहू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पहिले सहा महिने आठवड्यातून दोन-तीन मुक्काम एवढेच जमले तरी चालेल. आठवे घर पाहायला जाताना मात्र सोसायटीच्या एखाद्या जाणत्या विणकर काकांना बरोबर न्यावे. हे सुचवताना मला आनंद होत नाही.

प्रश्न : बाहेरच्या लोकांना रोख रक्कम देऊन गावात बोलावता येते, असे ऐकले. ग्रामपंचायतीने तसे करावे काय?
— एक सरपंच, यवतमाळ जिल्हा

उत्तर : अमेरिकेतील टल्सा शहरात २०१८ पासून दूरस्थ काम करणाऱ्यांना तेथे वर्षभर राहण्यासाठी १०,००० डॉलर देण्याची योजना चालवली गेली; पण त्यामागे एका श्रीमंत धर्मादाय प्रतिष्ठानाचा पैसा आहे आणि टल्सा हे मोठे शहर आहे. आपल्याला जपानच्या तोकुशिमा प्रांतातील कामियामा हे डोंगरातले गाव अधिक जवळचे वाटेल. तेथील लोकांनी १९९९ पासून चित्रकार-शिल्पकारांना काही आठवडे पाहुणे म्हणून बोलावले, आणि २०१० मध्ये टोकियोच्या एका कंपनीने तेथील जुन्या घरात आपली शाखा थाटली, कारण प्रांताने इंटरनेटची जलद तार आधीच खेड्यापर्यंत नेली होती. ‘कोणीही या’ असे मात्र त्यांनी म्हटले नाही. अमुक रिकामे घर आहे, त्यात आम्हाला पाव भाजणारा हवा, अशी धंद्याचे नाव घेऊन त्यांनी जाहिरात केली.

आपल्या गावात कोणता धंदा हवा, हे ग्रामसभेत ठरवता येईल. कुलूप लागलेली घरे किती आणि त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे मात्र त्याआधी कोतवालाकडून लिहून घ्यावे.