पोटाची शस्त्रक्रिया : जवळच्या रुग्णालयात की लांबच्या केंद्रात?

या वेळी अन्ननलिका, जठर आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, पण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. अन्ननलिकेच्या खालच्या भागात कर्करोग निघाला. जवळच्या रुग्णालयात आता ‘अप्पर जीआय सर्जरी’चा (पचनमार्गाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियांचा) विभाग सुरू झाला आहे आणि तिथले सर्जन चांगले आहेत असं सगळे सांगतात. ऑपरेशन तिथेच करावं का?

उत्तर : सर्जनचा हात चांगला असणं ही अर्धी बाजू झाली. या शस्त्रक्रियेतला खरा धोका टेबलावर कमी आणि नंतरच्या आठ-दहा दिवसांत जास्त असतो. अन्ननलिकेचा रोगट भाग काढल्यावर जठराची कापून-शिवून नळी करतात आणि ती वर छातीत किंवा मानेपर्यंत ओढून उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. या नळीला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी एकच उरते, जठराच्या मोठ्या कडेने जाणारी उजवीकडची. नळीचं वरचं टोक तिच्यापासून सर्वांत लांब, आणि जोड नेमका तिथेच येतो. रक्त कमी पडलं की जोड भरून येत नाही, गळतो. गळती छातीत झाली तर जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो.

गळतीची सुरुवात नेहमी तापाने होतेच असं नाही. नाडी वाढते, ठोके अनियमित होतात, धाप लागते, रुग्ण उगाच अस्वस्थ वाटतो. हे रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या नर्सच्या लक्षात येतं का, आणि लक्षात आल्यावर पुढे काय होतं, यावर बरंच ठरतं. म्हणून रुग्णालयात गेल्यावर रोबोट आहे का हे विचारू नका. रात्री सीटी स्कॅन होतो का, एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) करणारे डॉक्टर रात्री येतात का, पोटात किंवा छातीत साचलेला पू सीटी किंवा सोनोग्राफीच्या मदतीने सुईने काढणारं कोणी आहे का, व्हेंटिलेटर असलेल्या आयसीयूत चोवीस तास डॉक्टर असतो का, रक्तपेढी आवारात आहे का, आणि हे सर्जन रजेवर गेले तर त्याच कामाचा दुसरा माणूस कोण, हे विचारा. उत्तरं गुळमुळीत आली तर तेच उत्तर समजा.

दुसरा प्रश्न संख्येचा. ‘इथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात?’ असं सरळ विचारायला संकोच नको. अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेतल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. अन्ननलिका काढण्याच्या शस्त्रक्रियेत अगदी कमी काम होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास होतं, तर सर्वांत जास्त काम होणाऱ्या रुग्णालयांत 8 टक्क्यांच्या थोडं वर. आकडे आता जुने झाले आहेत आणि एकूण प्रमाण खाली आलं आहे. पण कमी आणि जास्त काम असलेल्या ठिकाणांतला फरक नंतरही अनेक देशांत दिसला आहे. वडिलांच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे : ऑपरेशन मोठ्या केंद्रात करा.

तरीही जवळचं रुग्णालय या उपचारात बिनकामाचं नाही. एंडोस्कोपी, बायोप्सी, सीटी तिथे होऊ शकतं. रोग अन्ननलिकेच्या भिंतीत खोल गेला असेल तर बहुतेकदा आधी केमोथेरपी, काहींना सोबत रेडिएशनही देतात आणि ते संपल्यावर काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया होते. (उलट रोग अगदी वरच्या अस्तरातच असेल तर एंडोस्कोपीतूनही तो काढता येतो.) केंद्राने योजना ठरवून दिली तर केमोथेरपी घराजवळ देता येते. गिळता येत नसल्याने वजन घटत असेल तर लहान आतड्यात नळी घालून आहार सुरू करणं हेही जवळच होतं आणि ते लवकर व्हायला हवं, कारण खंगलेल्या रुग्णाचे टाके नीट भरत नाहीत. धूम्रपान असेल तर निदान चार आठवडे आधी बंद.

एका बाबतीत मात्र उलट सांगू. अल्सर फुटून जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला भोक पडलं असेल, म्हणजे पोटात अचानक भयंकर कळ आणि पोट लाकडासारखं कडक, तर मोठ्या केंद्राच्या शोधात तासन्‌तास प्रवास करू नका. भोकावर पोटातल्याच चरबीच्या पदराचा तुकडा शिवून बसवणं हे कोणत्याही अनुभवी जनरल सर्जनला जमतं. इथे उशीरच जीव घेतो.

प्रश्न : दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. त्रास काहीच नाही. काढून टाकू का?

उत्तर : खड्यांसाठी पित्ताशयच काढतात, आणि त्रास नसेल तर बहुतेकांनी ते काढू नये. पित्ताशयाची भिंत चुन्यासारखी कडक झाली असेल किंवा 10 मिलिमीटर वा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावरची वाढ) असेल तर गोष्ट वेगळी. एकदा का उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी तासन्‌तास टिकणारी कळ येऊन गेली, की मात्र शस्त्रक्रिया टाळत बसण्यात अर्थ नाही. खडे विरघळवणाऱ्या गोळ्या लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच चालतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात.

हे ऑपरेशन जवळच्या रुग्णालयात खुशाल करा. फक्त दोन गोष्टी पाहा. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं किंवा यकृताच्या चाचण्या बिघडणं, यातलं काही असेल तर खडा मुख्य पित्तनलिकेत उतरला असण्याची शंका घ्यावी लागते. मग एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) तपासणी आणि गरज पडल्यास ईआरसीपीने (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाऊन) खडा काढण्याची सोय कुठे आहे हे आधी ठरलेलं हवं. दुसरी गोष्ट, ‘दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागलं’ याला अपयश समजू नका. सूज फार असली की पित्ताशयाची छोटी नळी आणि मुख्य पित्तनलिका एकमेकींना चिकटलेल्या असतात. पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच रचना, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही, हा नियम आहे. तसं दिसत नसताना चुकीची नळी कापली गेली तर ती दुरुस्त करायला फार मोठी शस्त्रक्रिया लागते. थांबणारा, पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवणारा किंवा पोट उघडणारा सर्जन शहाणाच.

प्रश्न : दहा वर्षं छातीत जळजळ आणि आंबट पाणी. गोळ्यांनी बरं वाटतं, थांबवल्या की पुन्हा सुरू. एंडोस्कोपीनंतर लगेच ‘झडप शिवायची’ शस्त्रक्रिया सुचवली आहे.

उत्तर : या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात. गोळ्यांनी बरं वाटतं ही चांगली खूण आहे, अशांनाच या शस्त्रक्रियेचा फायदा जास्त होतो. पण नुसत्या एंडोस्कोपीवर होकार देऊ नका. अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री व्हायलाच हवी. अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल पडण्याऐवजी उघडतच नाही असा एक आजार आहे, अ‍ॅकलेझिया. त्यातही जळजळ होते आणि अन्नपाणी वर येतं. त्यावर उपाय म्हणजे तिथला स्नायू कापून सैल करणं. त्याऐवजी जठराचा भाग भोवती गुंडाळून शिवला तर घोटभर पाणीही उतरणं कठीण होतं. एंडोस्कोपीत मोठ्या जखमा दिसल्या नसतील तर 24 तासांची आम्ल मोजणीही करा. त्यासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या साधारण सात दिवस आधी थांबवायला सांगतात.

जठराचा हा वेढा पूर्ण, 360 अंशांचा घ्यायचा की मागून 270 अंशांचा, हे विचारा. पूर्ण वेढ्यात ढेकर अडकणं आणि पोट फुगणं जास्त. पहिले काही आठवडे गिळायला जड जाणं अपेक्षित आहे, तोवर आहार पातळ आणि मऊ.

प्रश्न : दुर्बिणीने पित्ताशय काढलं. पोट ठीक, पण उजवा खांदा दुखतो.

उत्तर : पोट फुगवायला वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल चिडतं, आणि त्याची नस मानेतून, खांद्याच्या नसांच्या शेजारूनच निघते. दोन-तीन दिवसांत थांबतं, चालत राहा. मात्र पोटदुखी दिवसागणिक वाढत असेल, ताप, कावीळ किंवा नाडी जलद असेल तर त्याच दिवशी परत जा. पित्त गळत असू शकतं.

प्रश्न : आईचं जठर पूर्ण काढलं. जेवणानंतर तिला घाम येतो, धडधडतं, झोपावंसं वाटतं.

उत्तर : जेवणानंतर 10 ते 30 मिनिटांत होत असेल तर अन्न एकदम आतड्यात उतरल्याचा तो परिणाम आहे. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला द्या, पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर, गोड पेय बंद, प्रथिनं वाढवा. एक ते तीन तासांनी होत असेल तर रक्तातली साखर खाली गेलेली असते. त्या क्षणी ग्लुकोमीटरने मोजून आकडा लिहून ठेवा, डॉक्टरांना तो लागेल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण बी-12 चं इंजेक्शन चालू आहे ना? ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि इंजेक्शन बंद पडतं. नंतर रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात, आणि नसांचं नुकसान दरवेळी भरून येत नाही. इंजेक्शन आयुष्यभर घ्यायचं आहे. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणीही ठरावीक काळाने जवळच्याच रुग्णालयात करून घ्या.