विद्यापीठाजवळ खोली, पण कोणत्या बाजूला?

प्रश्न : मुलीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. कोणी औंध सुचवतं, कोणी सांगवी, कोणी गोखलेनगर. भाडं परवडायला हवं आणि रात्री प्रयोगशाळेतून परतताना तिला त्रास व्हायला नको. कसं ठरवावं?
– एक पालक, लातूर

उत्तर : आधी तिचा विभाग आवारात नेमका कुठे आहे ते विचारून घ्या. गणेशखिंडीतलं हे आवार ४०० एकरांहून मोठं आहे. दलाल ‘विद्यापीठापासून १० मिनिटं’ म्हणतो ती फाटकापर्यंतची. तिथून विभाग आणखी किलोमीटरभर आत असू शकतो. म्हणून मुख्य दरवाजा सोयीचा की खडकीच्या बाजूचं फाटक, हे पहिल्यांदा ठरवा. खडकीकडचं फाटक रात्री किती वाजता बंद होतं, हे तिथल्या सुरक्षारक्षकालाच विचारा.

मुख्य दरवाजा सोयीचा असेल तर गोखलेनगर, जनवाडी, मॉडेल कॉलनी हा भाग बघा. मॉडेल कॉलनी महाग आहे. गोखलेनगर-जनवाडीत लहान घरं आणि कॉट बेसिसच्या (म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं द्यायचं अशा) खोल्या त्यामानाने स्वस्तात मिळतात, मेसही जवळ असतात. नवरात्रात चतुःशृंगीच्या यात्रेमुळे सेनापती बापट रस्त्यावरची वाहतूक वळवतात, तेवढे दिवस वेळ जास्त धरावा लागतो. खडकीकडचं फाटक सोयीचं असेल तर खडकी-बोपोडी बघा. खडकी आणि बोपोडीत मेट्रोची स्थानकं आहेत आणि खडकीला लोकलही थांबते, त्यामुळे सुट्टीला गावी जाणाऱ्यांना ही बाजू बरी पडते. तिथे जुनी बांधकामं बरीच आहेत. भिंतीची ओल कपाट सरकवून बघा, नुसत्या नव्या रंगावर जाऊ नका.

औंध-बाणेरला आयटीतल्या नोकरदारांमुळे भाडी चढी आहेत. बाणेर-बालेवाडीच्या काही सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. टँकरचा खर्च भाडेकरूकडून वेगळा घेतात का, हे आधीच विचारा. सांगवीत भाडं कमी, पण सांगवी फाटा, राजीव गांधी पूल, ब्रेमेन चौक ओलांडून विद्यापीठ चौकात यायचं म्हणजे सकाळी किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. त्या चौकात गणेशखिंड, बाणेर, पाषाण, औंध आणि सेनापती बापट असे पाच रस्ते एकत्र येतात. जुनी सांगवी मुळा-पवनेच्या काठावर आहे. धरणांतून पाणी सोडलं की नदीलगतच्या सखल गल्ल्यांत शिरतं, तिथे तळमजला घेऊ नका.

पसंत पडलेली खोली दोनदा बघा. एकदा कामाच्या दिवशी सकाळी ९ वाजता, आणि तिथून विभागाच्या दारापर्यंत घड्याळ लावून जा. दुसऱ्यांदा रात्री साडेनऊनंतर मुलीला घेऊन बसथांब्यापासून खोलीपर्यंत चाला: दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का, कुत्री अंगावर येतात का. पाणी किती वाजता येतं हे मालकाऐवजी शेजारच्या भाडेकरूला विचारा. आमच्या मते रात्रीची पायवाट चांगली असेल तर महिन्याला हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र १८,००० रुपये भाडं आणि ५०,००० डिपॉझिटवर फ्लॅट घेतोय. मालक म्हणतात, नोटरी पुरे, नोंदणीचा खर्च कशाला?
– विद्यार्थी, पुणे

उत्तर : नोटरी पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. ११ महिन्यांचं भाडं १,९८,००० रुपये. त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, म्हणजे सुमारे ४,६०० रुपये मिळवा. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ५०० रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन करून देणारा एजंट त्याची फी वेगळी घेईल. ती धरूनही तिघांत हा भार हलकाच आहे.

करारात तिघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर केलात आणि तो मधेच निघून गेला, तर उरलेल्या दोघांच्या हातात काही राहत नाही. लॉक-इन (म्हणजे फ्लॅट सोडता न येण्याची मुदत) ६ महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका, नोटीस एका महिन्याची ठेवा. रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून किती कापणार, हा आकडा लिहूनच घ्या. वाद सगळ्यात जास्त याच्यावरून होतात. आत जाताना वीजमीटरचा आकडा, नळ, गीझर आणि भिंतींचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

प्रश्न : कॉट बेसिसवर करार करतच नाहीत. मग काय करावं?
– विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : निदान डिपॉझिट रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि शेऱ्यात ‘डिपॉझिट’ लिहा. खोलीत कॉट किती, हा आकडा मेसेजवर लिहून घ्या. दिवाळीनंतर चौथी कॉट आणून टाकतात आणि भाडं मात्र तेच राहतं. विजेचा सबमीटर असेल तर युनिटचा दर विचारा. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्या वेळेसाठी जवळ दुसरी खानावळ आहे का तेही बघून ठेवा.