वंशवाद, लिंगभेद, जातीयवाद करायला हातात सत्ता असावीच लागते का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत शिकणारी तुमची भाची म्हणते, काळा माणूस वंशवादी असूच शकत नाही आणि बाई लिंगभेद करूच शकत नाही, कारण वंशवाद म्हणजे नुसता पूर्वग्रह नव्हे, पूर्वग्रह अधिक सत्ता. तुम्हाला ते पटत नाही, आणि आपल्याकडे जातीलाही हेच लागू होतं का, असं तुम्ही विचारताय.

भाची अर्धी बरोबर आहे. तुम्हीही अर्धे बरोबर आहात, पण तुमचं अर्धं ज्या सुरात आलंय ना, "मग आम्हाला नावं ठेवली तर तो जातीयवाद नाही का", त्या सुराने माझं डोकं फिरतं. का ते सांगते. लांबेल जरा.

मी बौद्ध आहे, जिल्हा परिषदेची शिक्षिका. २०१२ साली मराठवाड्यातल्या एका गावात चौथी ते सातवीची शाळा होती माझ्याकडे. मधल्या सुट्टीत चहा यायचा. किटली एकच, कप सात. सहा पांढरे आणि एक निळ्या फुलाचा, कान तुटलेला. तो माझा. कोणी तसं बोललं नव्हतं. पहिल्या दिवशी शिपायाने तो माझ्यासमोर ठेवला आणि मग रोज तोच येत राहिला. धुऊन झाल्यावर सहा कप ट्रेमध्ये पालथे आणि हा खिडकीत. वर्षभर मी मनाला समजावलं की हा योगायोग असेल. मग एकदा नवीन आलेल्या सरांना चुकून तो कप गेला, तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतः उठून बदलून दिला. "तो बाईंचा आहे," म्हणाले.

त्या दिवशी मी तोंड उघडलं. सर्वांसमोर विचारलं, माझा कप वेगळा का. मुख्याध्यापक सर हसले. "मॅडम, कान तुटलाय म्हणून कोणी घेत नाही, एवढंच. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात बघता. खरे जातीयवादी तुम्हीच."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आदल्या वर्षी एका शिबिरात तुमच्या भाचीचं तेच सूत्र आम्हाला फळ्यावर लिहून दिलं होतं. (१९७० साली पॅट्रिशिया बिडॉल या अमेरिकी बाईंनी ते मांडलं. त्याआधी १९६७ मध्ये स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी एकट्यादुकट्याचा वंशवाद वेगळा आणि व्यवस्थेचा वेगळा, अशी फोड केलेली होती.) मी म्हणाले, "सर, जातीयवाद करायला सत्ता लागते. ती आमच्याकडे कधी होती?" स्टाफरूममध्ये चिडीचूप. मला वाटलं, जिंकले. घरी जाऊन मिस्टरांना दोनदा सांगितलं.

कप मात्र तोच राहिला.

पुढच्या जूनमध्ये शालेय पोषण आहाराचं काम माझ्याकडे आलं. ज्यांनी ते केलंय त्यांना माहीत आहे, शिकवणं परवडलं पण तांदळाचा हिशोब नको. त्याच महिन्यात खिचडी शिजवायला नवीन मदतनीस लागली. मातंग समाजाची, विधवा, दोन मुलं आमच्याच शाळेत. हजार रुपये मानधन, तेही तीन-तीन महिन्यांनी. पोरं तिला मावशी म्हणायची. हात चांगला होता तिचा. मटकीची उसळ केली की वास सातवीच्या वर्गापर्यंत यायचा.

नियम असा की मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने खाऊन बघायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं. तारीख, पदार्थ, शेरा, सही. मी रोज लिहायचे. "चव चांगली." सही. वहीवर एक डाग नाही. आणि खायचे मात्र माझ्या डब्यातली भाकरी-मेथी.

तीन महिने असं चाललं. का, ते मला तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला ॲसिडिटी आहे, सरकारी तांदूळ बाधतो. आदली मदतनीस होती तेव्हा तोच तांदूळ मी वाटीभर खात होते, हे मला आठवलंच नसतं. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, २२ प्रतिज्ञा तोंडपाठ. आणि त्याच घरात आजी सांगायची, मांगवाड्यात पाणीसुद्धा प्यायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीखाली वाढल्या, एकीने दुसरीला कधी हटकलं नाही.

एकदा मावशी पातेलं उतरवता उतरवता म्हणाली, "मॅडम, तुमी चाखून बगत न्हाईत." तक्रारीचा सूर नव्हता. मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं. मी म्हणाले, "अहो, वास आला की कळतं मला." तिने झाकण ठेवलं आणि पोरांच्या ताटल्या मांडायला गेली.

मग गावातली काही मुलं खिचडी खाईनाशी झाली. आधी चार, मग एका आळीतली सगळीच. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लागली. "स्वच्छतेचा प्रश्न" असा शब्द सगळ्यांनी वापरला. ठरलं असं की शिजवायला दुसरी बाई येईल, मावशी भांडी घासेल आणि पटांगण झाडेल. ठराव माझ्या अक्षरात आहे. त्यात "संबंधित मदतनीस यांच्या विनंतीवरून" हे चार शब्द सरांनी सांगितले, मी लिहिले. तिने कसलीही विनंती केली नव्हती. ती बैठकीला होती, दाराशी उभी.

बैठक संपल्यावर सरांनी नोंदवही चाळली, माझ्या सह्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, सत्ता लागते म्हणाला होता ना? आता कोणाकडं आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढे बरीच वर्षं सुचलं नाही. आता सुचलंय, म्हणून लिहितेय.

सत्ता लागतेच, हे खरंच आहे. शिवी देणं, मनात अढी ठेवणं हे कोणालाही जमतं. पण समोरच्याची भाकरी, घर, मार्क, बदली यातलं काही हातात असेल तरच त्या अढीने त्याचं वाटोळं होतं. चूक तुमच्या भाचीची (आणि माझी) ही, की सत्ता आडनावाला कायमची चिकटलेली असते असं आम्ही धरून चाललो. ती कपाच्या वेळी सरांकडे होती आणि खिचडीच्या वेळी माझ्याकडे. पेन माझ्या हातात होतं. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलंय. वर चढत जाल तसा आदर वाढतो, खाली उतराल तसा तिरस्कार. म्हणजे अगदी तळाची पायरी सोडली तर प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी आहेच. दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मी मुलींकडून मुक्ता साळवेवर भाषण करून घेते. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी, १८५५ सालचा निबंध, टाळ्या. त्याच निबंधात तिने लिहिलंय की महारही मांगांना आपल्याहून खालचे समजतात, त्यांच्या सावलीचाही विटाळ मानतात. ते वाक्य मी कोणत्याच भाषणात घातलं नव्हतं.

कायदाही गंमतीचा आहे बघा. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा भाचीच्या बाजूने उभा आहे. त्यात गुन्हा करणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला असावा लागतो. म्हणजे मावशीने माझ्यावर तो लावायचा म्हटला तरी लागला नसता. पण त्याआधीचा १९५५ चा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तो करणाऱ्याची जात विचारत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून जो कोणी दुसऱ्याच्या कामधंद्यात आडवा येईल, तो गुन्हेगार. त्या "जो कोणी"मध्ये मी बसते. सरही बसतात, आणि समितीतले सगळेच.

मग १९८९ च्या कायद्यात जात का बघितली, असं तुम्ही विचाराल. सत्तेकडे डोळेझाक केली तर कायदा कुठे जातो ते इंग्लंडमध्ये बघा. तिथे १९६५ साली वंशभेदाविरुद्ध कायदा झाला, बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांना संरक्षण म्हणून. वांशिक द्वेष भडकवला म्हणून त्याच कायद्याखाली १९६७ मध्ये वर्षभराची शिक्षा होऊन तुरुंगात गेला मायकेल एक्स, एक काळा पुढारी. तो बोलला ते वाईटच होतं, त्याची तरफदारी मी करत नाही. पण लंडनमध्ये "काळ्यांना खोली मिळणार नाही" अशा पाट्या लावणाऱ्या घरमालकांना तो कायदा हातही लावू शकत नव्हता, कारण घरभाडं त्यात घेतलंच नव्हतं.

लिंगभेदाचं थोडक्यात. बाईला सत्ता नसते असं ज्याला वाटतं त्याने एकदा एकत्र कुटुंबात सून म्हणून राहून यावं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात तक्रार "प्रौढ पुरुषा"विरुद्ध करता येईल असं लिहिलं होतं, फक्त बायकोला नवऱ्याच्या नातेवाइकांविरुद्धही करता यायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये "प्रौढ पुरुष" हे शब्दच काढून टाकले. घरातल्या बायकांच्या आड लपून पुरुष सुटू शकत होते. आणि पुरुषांवर अन्याय होतो का? होतो. राज्य सरकारने २०१८ साली बालसंगोपन रजा दिली, १८० दिवस. बाईला सरळ मिळते, पुरुषाला बायको नसेल किंवा आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. माझ्या एका सहकाऱ्याची बायको परजिल्ह्यात नोकरीला, लहान लेक याच्याकडे. लेक तापाने फणफणली की हा बिनपगारी रजा टाकतो. पण हा नियम बायकांनी पुरुषांचा सूड घेण्यासाठी केलेला नाही. पोर सांभाळणं हे बाईचंच काम, या जुन्याच समजुतीचं ते उरफाटं टोक आहे. म्हणून "उलटा लिंगभेद" हा शब्द मला पटत नाही. उलटा कशाला, सुलटाच आहे तो.

आता सरांचं. कारण तुमच्या प्रश्नात मला तेच दिसतात. सर, तुम्ही हे वाचत असाल (निवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो, सगळीकडे उत्तरं देताना दिसता), तर ऐका. माझ्याबद्दल तुम्ही बरोबर होता. पण माझ्या नोंदवहीने तुमचा कप धुतला जात नाही. तुम्हाला मावशीची कणव कधीच नव्हती. तिला चुलीवरून हटवायचे शब्द तुम्हीच सांगितलेत. तुम्हाला फक्त मीही तसलीच आहे हे दिसायला हवं होतं, म्हणजे तुमचं माफ. आणि तुम्ही प्रश्न विचारणारे, तुम्हीही भाचीशी वाद घालताना स्वतःला एवढं विचारा की तुम्हाला कोणाचा अन्याय थांबवायचाय, की फक्त फिट्टंफाट करायचीय. दुसरं असेल तर भाचीला गप्प करून काही हाती लागणार नाही.

अजून एक, हे आमच्या लोकांसाठी. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की राज्यांना अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल, म्हणजे त्यातल्या जातींचे गट पाडून आरक्षण वाटून देता येईल. तो दिवस अण्णा भाऊ साठ्यांच्या जयंतीचा, हा निव्वळ योगायोग. आमच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, "फूट पाडायचा डाव आहे." महाराष्ट्रात यादीत ५९ जाती, आरक्षण १३ टक्के, आणि त्यातलं कोणाच्या वाट्याला किती आलं हे मोजायला आपण घाबरतो. मी लिहिलं की मोजू द्या. दोघांनी मला ग्रुपमधून काढायची मागणी केली. एकाने विचारलं, "ताई, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

जाता जाता, मी वकील नाही. कलमं वाचून सांगितलीत, कोर्टात त्यांचा अर्थ कसा लागेल ते वकिलाला विचारा. आणि माझ्या गोष्टीवरून "दलितच दलितांवर अन्याय करतात" असा मेसेज बनवून फिरवणार असाल तर वर कपाबद्दल लिहिलंय ते आधी चिकटवा.

मावशीची माफी मी मागितली नाही. २०१८ च्या ऑनलाइन बदल्यांत माझं नाव आलं, निरोपाच्या दिवशी ती हौदाजवळ पातेली घासत होती. मी म्हणाले, "येते मावशी." तिने हात धुतले, पदराला पुसले, नव्या शाळेचं गाव विचारलं. मग म्हणाली, "तितं खिचडी कोन करतंय?"

मी म्हणाले, माहीत नाही.