एडामामेचे दाणे कडक का होतात आणि फुलं का येत नाहीत

लातूरकडच्या एका ताईंनी विचारलंय की परसात एडामामेचे दोन वाफे केले, झाडं मस्त वाढली, पण शेंगा उकडल्या तर दाणे कडक, बियाणं खराब निघालं का? ताई, बियाणं चांगलंय, तोडायला उशीर झाला. एडामामे म्हणजे सोयाबीनच, फक्त मोठ्या दाण्याचं आणि हिरवं खायचं, त्यामुळे शेतातल्यासारखी शेंग पिवळी पडायची वाट बघितली की गेलं. फुलं आल्यावर महिना-सव्वा महिन्याने रोज सकाळी एक शेंग हातात घेऊन बघा, शेंग टम्म फुगलीय, आतले दाणे एकमेकांना टेकलेत, दाबली की दाणा सटकन बाहेर येतो आणि रंग अजून हिरवागार आहे, तर त्याच दिवशी तोडा. हे जेमतेम ५ ते ७ दिवस टिकतं आणि झाडावरच्या बहुतेक शेंगा एकदमच भरतात, म्हणून पुढच्या वर्षी सगळं बी एका दिवशी टोकू नका, जूनच्या चांगल्या पावसानंतर दर १०-१२ दिवसांनी एकेक ओळ टोका.

पुण्याच्या एका दादांचा प्रॉब्लेम उलटा आहे, गॅलरीत झाड कमरेएवढं झालं, फुलाचा पत्ता नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कुंडीच्या अगदी वर रस्त्याचा दिवा दिसतोय. सोयाबीनला फुलायला सलग अंधार लागतो, रात्रभर उजेड पडला की ते नुसतं पालाच वाढवत राहतं. कुंडी दिव्यापासून लांब हलवा, पण दिवसाचं ऊन मिळू द्या. आणि युरिया टाकताय तो आधी बंद करा, बियाला रायझोबियम हे जिवाणू खत चोळून लावलं की मुळावर गाठी धरतात आणि झाड नत्र स्वतःच मिळवतं. एखादी गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करतेय.

दोघांनाही सांगतो, बी रात्रभर भिजवू नका, साल नाजूक असते, फुटून कुजतं. ओल्या मातीत ३-४ सेंटीमीटर खोल टोकायचं, बास. स्वर्ण वसुंधरा ही हिरव्या दाण्यांसाठीच्या सोयाबीनची जात मिळाली तर तेच बियाणं घ्या. पानं खाणारी अळी दिसली तर हाताने वेचा आणि ५ टक्के निंबोळी अर्क मारा, खायची शेंग आहे, कडक औषध नकोच.

शेंगा कच्च्या खाऊ नका, पोटाला त्रास होतो. मिठाच्या उकळत्या पाण्यात ५-६ मिनिटं ठेवा, साल टाकून दाणेच खा, आणि तोडल्या दिवशीच उकडा, दुसऱ्या दिवशी गोडी कमी होते.