सरावात उत्तम खेळणारा खेळाडू स्पर्धेत का ढेपाळतो, आणि मानसिक कौशल्यांनी त्यात खरोखर फरक पडतो का?

निश्चित पडतो, आणि नेमबाजीत तो सर्वांत स्पष्ट दिसतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून नेम साधण्याच्या टप्प्यानंतर सहावा होता, झोपून नेम साधण्याच्या टप्प्यानंतर पाचवा झाला आणि उभ्याने नेम साधण्याच्या सर्वांत अवघड टप्प्यात वर सरकत ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक मिळवले. छातीची धडधड वाढली होती, पण आपण श्वासावर लक्ष ठेवले, असे त्याने नंतर सांगितले. माझ्या मते मर्म इथेच आहे, कारण धडधड थांबवता येत नाही, मात्र श्वास सोडून क्षणभर स्थिरावणे आणि मगच चाप ओढणे हा क्रम हजारो वेळा घोटून अंगवळणी पाडता येतो. मागची गोळी लक्ष्याच्या मध्याऐवजी बाहेरच्या आठ गुणांच्या वर्तुळात गेली तरी पुढच्या गोळीपूर्वी तोच क्रम, तितक्याच संथपणे, पुन्हा करता आला पाहिजे. म्हणून श्वासाचा आणि एकाग्रतेचा सराव स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर पहिल्या दिवसापासून रायफलीबरोबरच सुरू करावा.