वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठचा मेळावा

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या जुन्या तलावाच्या रक्षणासाठी आम्ही काही मंडळी दरसाल वर्गणी भरतो आणि जानेवारीत वर्गणीदारांचा मेळावा तलावाच्या काठावरच घेतो. गेल्या वर्षी ध्वनिक्षेपक सुरू होताच सगळी बदके उडाली आणि लांबून आलेल्या पाहुण्यांना रिकामे पाणी दाखवण्याची वेळ आली. यंदा मेळावा मंगल कार्यालयात घ्यावा, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : मेळावा मंगल कार्यालयात नेऊ नये, तेथे फक्त भाषणे, सत्कार आणि जेवण न्यावे. ज्या पाण्यासाठी माणूस वर्गणी देतो ते पाणी त्याने वर्षातून एकदा तरी पाहिले पाहिजे, नाहीतर पावतीपुस्तकापलीकडे त्याचा तलावाशी संबंध उरत नाही. मात्र पाहण्याची वेळ पाखरांच्या सोयीची हवी. सूर्योदयापासून साधारण नऊपर्यंत सभासदांनी दहा-बारा जणांच्या गटाने, मळकट रंगाच्या कपड्यांत, न बोलता काठाने फिरावे आणि त्यानंतर सर्वांनी गावात परतावे. सकाळी शक्यतो पूर्वेच्या काठावर उभे राहावे, म्हणजे ऊन आपल्या पाठीवर आणि पाखरांच्या अंगावर पडते.

उडालेली बदके परत येतात, मग बिघडले काय, असेही आपल्याकडे कोणी म्हटले असेल. त्यांना वारकऱ्याचे उड्डाण दाखवावे. कपाळावर पांढरे गंध लावल्यासारखा दिसणारा हा काळा पाणपक्षी चटकन हवेत उठू शकत नाही. पंख फडफडवत, पाण्यावर पाय आपटत तो बरेच अंतर धावतो, तेव्हा कुठे वर जातो. आपल्या एका ‘हॅलो, माईक टेस्टिंग’साठी तीनशे वारकऱ्यांना ही धावपळ करावी लागते. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तर बहुधा रात्री आणि पहाटे शेतांत चरतात व दिवसा पाण्याकाठी विसावतात. म्हणजे आपला मंडप नेमका त्यांच्या झोपेच्या वेळी उभा राहतो.

प्रश्न : मेळाव्यात आम्ही पक्षिगणना ठेवली, पण एकाच थव्याचा आकडा कोणी दोनशे सांगितला, कोणी सातशे. नवख्या माणसांनी मोजावे कसे?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : आधी दहा पाखरे एकेक करून मोजावीत, ती थव्याची केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत धरावे आणि तेवढेच तुकडे संपूर्ण थव्यावर टाकत जावे, थवा फार मोठा असेल तर दहाऐवजी शंभरांचा तुकडा घ्यावा. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजावे आणि तिसऱ्याने लिहावे. आकड्यांत फार तफावत आली तर सरासरी काढण्यापेक्षा पुन्हा मोजणे बरे. मोठ्या थव्यात नवखा माणूस बहुधा कमीच मोजतो, हेही लक्षात असू द्यावे. ओळख पटत नसेल तर ‘अनोळखी बदके, 40’ अशी नोंद खुशाल करावी. ती चुकून तलवार बदकाच्या नावावर टाकलेल्या चाळीसांपेक्षा अधिक उपयोगी असते. 1987 पासून आशियात दर जानेवारीला पाणपक्ष्यांची गणना होते. आपलीही मोजणी त्याच महिन्यात, त्याच जागांवरून आणि त्याच वेळी होत राहिली, तरच दहा वर्षांनी त्या वहीला किंमत येईल.

प्रश्न : आमच्या मेळाव्याला शहरातले निसर्गप्रेमी येतात, पण काठावरचे शेतकरी आणि मच्छीमार फिरकत नाहीत. त्यांना बोलावण्याने काय साधेल?
– एक कार्यकर्ता, पुणे जिल्हा

उत्तर : बरेच काही. नांदूरमध्यमेश्वरचेच पाहा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील हा बंधारा कालव्यांना पाणी देण्यासाठी बांधला गेला, पाखरांसाठी नव्हे. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि त्यांच्या मागून पाखरे आली. 1986 मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालेली महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा म्हणून 2020 च्या जानेवारीत त्याचे नाव जाहीर झाले. तरीही पाण्याची पातळी आजही आवर्तनावर, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीवर, ठरते, आणि चिखल उघडा पडला की बुडाला यावरच तुतवारांना (चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या लहान पाणपाखरांना) किडे मिळणार की नाही हे अवलंबून असते. तेव्हा पाटबंधारे खात्याचा कालवा निरीक्षक, गाळपेर करणारा, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणारा, शेतकरी आणि जाळे टाकणारा मच्छीमार यांना तलावाविषयी जे ठाऊक असते ते दुर्बिणीतून दिसत नाही.

त्यांना ‘जनजागृती’साठी बोलावले तर ते येणार नाहीत, आणि माझ्या मते येऊही नये. माहितगार म्हणून बोलवा. आपल्याच जिल्ह्यात भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, मच्छीमार आपल्या होडीतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवतात. कोणत्या बाजूने होडी नेली तर थवा बिथरणार नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या मेळाव्यातही प्रत्येक गटाच्या पुढे असा एक माणूस चालू द्या, आणि त्या सकाळच्या मजुरीचे पैसे त्याला आदल्या दिवशीच पोहोचते करा.