जग बुडालं, पण कुणाला तहान लागत नाही

प्रश्न: माझी मुलगी यंदा दहावीत जाईल. जग बुडाल्यानंतरच्या काळातली एक इंग्रजी कादंबरी ती मागतेय. पाण्याची जादू आहे, प्रेमकथा आहे, मैत्रिणींमध्ये फार गाजतेय म्हणते. घेऊन द्यावी का?

उत्तर: मी वाचली आहे, शेवटपर्यंत. विकत घेऊ नका. मैत्रिणीकडून आणून वाचणार असेल तर अडवूही नका.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समुद्र चढलाय, शहरं बुडालीत, उरलेली माणसं उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर राहतात. पाणी सतरा वर्षांच्या नायिकेचं ऐकतं. तिच्यावर दोघांचा जीव आहे, एक लहानपणचा मित्र आणि दुसरा शत्रूच्या टोळीतला. सुरुवातीची तीसेक पानं खरंच सुंदर आहेत. नायिकेचा धाकटा भाऊ रोज सकाळी जिन्यात उतरतो आणि पाणी किती पायऱ्या चढलं त्याची खडूनं भिंतीवर रेघ मारतो. आमच्या सांगलीत पावसाळ्यात कुणीही भेटलं की आधी विचारतं, "पुलाला किती फूट झालं? कोयनेतून किती सोडलंय?" त्यामुळे हा पोरगा मला एकदम घरचा वाटला. पण चौथ्या प्रकरणात शत्रूचा मुलगा येतो आणि भाऊ गोष्टीतून बाजूला पडतो. रेघा थांबतात. पाणी चढतंय की उतरतंय, हे पुढे कुणी बघतच नाही.

माझं खरं दुखणं तिथेच आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, ज्यांनी ते दिवस काढले त्यांना माहीत आहे, चहूबाजूंनी पाणी असतं आणि प्यायला घोटभर मिळत नाही. पूर ओसरला की खरं काम सुरू होतं. चिखल ओला आहे तोवरच खरवडावा लागतो, वाळला की फरशी सोडत नाही. गाद्या, धान्य, मुलांची दप्तरं सगळं रस्त्यावर येतं, मग पंचनाम्याची वाट बघायची. या कादंबरीत जवळपास चारशे पानं पाणीच पाणी आहे, पण कुणाला तहान लागत नाही. माणसं खातात काय, तेही कळत नाही.

एका प्रसंगाला तर मी पुस्तक मिटून ठेवलं. वीस वर्षं पाण्याखाली असलेल्या वाचनालयात नायिका शिरते, कपाटातून एक पुस्तक काढते आणि उघडून वाचायला लागते! 2019च्या पुरात इथल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. भिजलेलं पुस्तक फुगतं आणि कपाटात पाचर मारल्यासारखं घट्ट बसतं. ओढलं की नुसती बांधणी हातात येते. गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना अक्षरं निघून जातात, आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. आता विचार करा, या मुलीला पाण्याची जादू येते. एकेका पानातलं पाणी ती हलक्या हातानं काढून घेतेय, शाई धरून ठेवायची धडपड करतेय, काही ओळी टिकतात, काही जातात. केवढा प्रसंग झाला असता! हाताशी असलेली गोष्ट लेखिकेला दिसली नाही, याचं मला वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, जादूची गोष्ट आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. मला उलट वाटतं. जादू असली की नियम जास्त कडक हवेत. नायिकेला दमायला होत नाही, जादू वापरल्यानं तिचं काही हरवत नाही, अडचण आली की हात वर केला की झालं. मग भीती कशाची वाटणार? शत्रूची टोळी गोडं पाणी अडवून बसलीय, हे एका वाक्यात येऊन जातं. 2016च्या एप्रिलमध्ये सांगलीशेजारच्या मिरजेहून दुष्काळी लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. तीनच वर्षांनी सांगली बुडाली, आणि याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे टँकरची वाट बघणारी गावं आहेत. पाणी कुणाच्या हातात आणि कुणाच्या वाट्याला, यावर अख्खी कादंबरी उभी राहते. इथे ते सोडून दर दोन पानांनी त्या मुलाचे राखाडी डोळे येतात.

प्रेमकथेला माझी अजिबात हरकत नाही, त्या वयात ती हवीच असते. पण तो मुलगा नायिकेला "तुझ्या भल्यासाठी" म्हणून खोलीत कोंडून ठेवतो, बाहेर तिची माणसं संकटात असताना. सुटल्यावर ती दोन परिच्छेदांत त्याला माफ करते आणि लेखिका त्यालाच खरं प्रेम म्हणते. पंधरा वर्षांच्या मुलीनं हे एकटीनं वाचून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. तिनं वाचलीच तर या प्रसंगाबद्दल तिला काय वाटलं ते जरूर विचारा, आणि आधी तेवढं प्रकरण स्वतः वाचून ठेवा. शेवटाच्या थोडं आधी आहे, सहज सापडेल.